निजामाच्या राज्यात सत्याग्रहच का?

प्रश्न : दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी जातो. भाषणांत रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते. पण आमचे पणजोबा १९३८ साली तुरुंगात गेले, ते हत्यार उचलल्याबद्दल नाही. बंदी असताना चौकात उभे राहून घोषणा दिल्या म्हणून. समोर निजामाचे लष्कर आणि त्याच्या पाठीशी इंग्रज. तरी माणसे रिकाम्या हातांनी पुढे का आली? हत्यारे मिळत नव्हती म्हणून, की गांधीजींनी सांगितले म्हणून?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही दिलेली दोन्ही कारणे खरी आहेत. हत्यारे नव्हती आणि गांधीजींचा प्रभावही होता. पण हत्यारे त्याआधीही नव्हती, आणि गांधीजींचे नाव मराठवाड्यात १९२० च्या सुमारासच येऊन पोचले होते. मग सामुदायिक सत्याग्रह उभा राहायला १९३८ साल का उजाडावे लागले? माझ्या मते याचे उत्तर निजामाच्या कारभारातच आहे. त्या सरकारने साध्या माणसाच्या साध्यासुध्या गोष्टींवर इतकी बंधने घातली, की ती साधी गोष्ट करणे हाच लढा होऊन बसला.

आधी त्या राज्याची घडण पाहू. मराठवाड्यावर दुहेरी सत्ता होती. निजामाने १७९८ साली तैनाती फौज स्वीकारली, मोठ्या संस्थानिकांत सगळ्यात आधी. तेव्हापासून गादी निजामाची आणि तिच्या रक्षणाची हमी इंग्रजांची. हैदराबादेत इंग्रज रेसिडेंट बसे, औरंगाबादेत छावणी होती. (जुन्या घटनांबद्दल लिहिताना शहराचे त्या काळचे नाव ठेवले आहे.) संस्थानचे नाणे वेगळे, हाली, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. हद्दीवर करोडगिरीची नाकी, तिथे बाहेरून येणाऱ्या मालावर जकात. राज्यात चार माणसांत एकाची मातृभाषा मराठी, पण कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. शेतकऱ्याच्या हातात पडणारी नोटीस त्याच्या घरात कुणालाच वाचता येत नसे, ती वाचून घ्यायलाही कुणाकडे तरी जावे लागे. अशा राज्यात निजामाविरुद्ध उठावे तर इंग्रजांची फौज येणार, आणि इंग्रजांविरुद्ध उठावे तरी तीच येणार.

या शहराने हे १८५७ च्या जूनमध्ये डोळ्यांनी पाहिले होते. हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ इथल्या छावणीत होते. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी स्वारांत पसरली आणि त्यांनी दख्खनबाहेर पाऊल टाकायला नकार दिला. पुण्याहून जनरल वुडबर्नची तुकडी चालून आली. दफेदार मीर फिदा अली याने कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली, ती चुकली, आणि त्याला फाशी दिले गेले. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. आजच्या क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी त्या शिक्षांची आठवण जोडलेली आहे. त्या उठावाची सुरुवातही नकारानेच झाली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. पण तो नकार बंदूक हाती असलेल्या, घोड्यावर मांड ठोकलेल्या शिपायांचा होता आणि तरीही तो काही दिवसांत चिरडला गेला. ज्यांच्या हाती नांगर किंवा खडू होता, त्यांनी यातून काय शिकायचे?

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे उघड राजकारण जवळजवळ नव्हतेच. १९२० नंतर बाहेरचे वारे आत येऊ लागले तशा सरकारच्या गश्त्या निघू लागल्या. गश्ती म्हणजे परिपत्रक. त्यांतली ‘गश्ती निशाण ५३’ मुक्तिसंग्रामाच्या पिढीला तोंडपाठ होती. सभा घ्यायची तर आगाऊ परवानगी हवी. आखाडा काढायचा, परवानगी. खासगी शाळा काढायची, परवानगी. बाहेरून येणाऱ्या कित्येक वृत्तपत्रांना राज्यात बंदी. अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरच्या, कचेरीत अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि शेवटी नकार घेऊन परतायचे, हा तेव्हाच्या कार्यकर्त्याचा रोजचा अनुभव होता.

उघड राजकारण करता येत नाही, म्हणून माणसे शाळेकडे वळली. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी १९१७ ची, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तुमच्या प्रश्नाची किल्ली मला या शाळांत दिसते. हैदराबादच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक होते. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. १९३२ साली संन्यास घेतला, पण मठात न बसता शाळेत राहिले. गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणिताची पदवी घेऊन आले आणि औरंगाबादेत मुलांना शिकवू लागले. नेता शिक्षक असला की लढ्याची रीतही शिक्षकाची होते. शिक्षकाजवळ दारूगोळा नसतो. समजावून सांगणे, वेळ पाळायला लावणे, रांगेत उभे करणे आणि मार खाल्ला तरी शब्द न बदलणे, एवढेच त्याला शिकवता येते. सत्याग्रहाला नेमके हेच लागते.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सूर अगदी सौम्य होता. निजामाला हाकलून द्या, असे कुणी म्हणत नव्हते. लोकांना कारभारात वाटा द्या, मातृभाषेत शिकू द्या, सभा घेऊ द्या, एवढेच मागणे. पुढच्या वर्षी तेलंगण, कर्नाटक आणि मराठवाडा अशा तिन्ही भागांतल्या मंडळींनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापायचे ठरवले, तर सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने स्थापनेआधीच तिच्यावर बंदी घातली. जन्माला न आलेल्या संस्थेला बेकायदा ठरवण्याचा हा प्रकार! आता अर्ज-विनंत्यांचा रस्ता संपला होता. गप्प बसायचे किंवा बंदी मोडून तुरुंगात जायचे, एवढेच उरले.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी नानलांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी बाहेर पडली. तीन दिवसांनी स्वामीजी गेले आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. या तुकड्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कोण, केव्हा आणि कुठे सत्याग्रह करणार ते आधीच जाहीर केलेले असे. चार-सहा माणसे ठरल्या वेळी चौकात येत, स्टेट काँग्रेसचा जयजयकार करत, जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत. पोलीस पकडत. मग खटला, आणि औरंगाबाद, गुलबर्गा किंवा चंचलगुडा यांपैकी एखाद्या तुरुंगाची वाट. लपवाछपवी नाहीच. खबरे आणि फितुरी यांच्या जोरावर चालणाऱ्या पोलिसांना गुप्त कट शोधून काढता येतो. पण जो माणूस स्वतःहून नाव, गाव आणि वेळ सांगून येतो त्याच्यापुढे खबऱ्याचे काहीच चालत नाही. आणि त्याला पकडले की चौकातल्या शंभर माणसांना कळते, की या राज्यात स्वतःच्या संस्थेचे नाव घेणे हा गुन्हा आहे. हे कुठल्याही भाषणाने कळले नसते.

हा रस्ता काही मराठवाड्याने शोधून काढलेला नव्हता. हद्दीपलीकडे तो रोज दिसत होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. पुसद म्हणजे नांदेड-हिंगोलीच्या शेजारचा मुलूख. त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगाबादला लागून असलेल्या नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याआधी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. सत्याग्रह म्हटले की काँग्रेस, असे समीकरण आपण फार लवकर मांडतो. ज्यांच्या हाती जमीन, हत्यार, हुद्दा यांपैकी काहीच नव्हते, त्यांनी पाण्याला ओंजळ लावून आणि देवळाच्या दाराशी ठाण मांडून जो लढा दिला तो याच जातीचा होता. त्यांची लढाई इंग्रज-निजामांपेक्षा जवळच्या, गावातल्याच सत्तेशी होती आणि म्हणून ती अधिक अवघड होती.

आता असे कारण, जे मराठवाड्यात इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त लागू पडते. राजा मुसलमान आणि प्रजा बहुसंख्येने हिंदू. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे म्हणणे असे, की राज्यातला प्रत्येक मुसलमान राज्यकर्ताच आहे. अशा ठिकाणी पहिला दगड भिरकावला की लढ्याचा दंगा व्हायला वेळ लागत नाही, आणि दंगा झाला की सरकार मोकळे : आम्ही फक्त शांतता राखतो आहोत, असे जगाला सांगायला. स्टेट काँग्रेसचा लढा एकतंत्री राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. हातात काठी न घेणे ही या फरकाची रोज द्यावी लागणारी साक्ष होती. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह सुरू झाले होते. आर्य समाजाचे हजारो स्वयंसेवक देशभरातून येऊन तुरुंगात गेले आणि त्यांच्या त्यागाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण मागणी धार्मिक हक्कांची असल्याने सगळेच आंदोलन जातीय आहे, असे म्हणायला सरकारला सोपे झाले. २४ डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. तुरुंगात असलेल्यांना तो निर्णय जिव्हारी लागला. ऐन भरात आलेली चळवळ बाहेरून मिळालेल्या सल्ल्यावर थांबवायची, हे कुणालाही रुचणारे नव्हते. तरीही आज तपशील पाहिल्यावर मला तो निर्णय बरोबर वाटतो. लढा कुणाविरुद्ध आहे याबद्दल संभ्रम राहिला असता तर १९४७ साली उभा राहिलेला व्यापक विरोध उभाच राहिला नसता.

त्या १९४७ च्या विरोधाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण रिकाम्या हातांची ताकद सगळ्यात स्पष्ट तिथे दिसते.

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतात किंवा पाकिस्तानात जाणार नाही, स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ साली उठली होती. तिने ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकला. निजामाच्या राज्यात तो फडकवणे गुन्हा होता आणि स्वामीजींना अटक झाली. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यांत जे सुरू झाले त्याचे लक्ष्य होते शिंदीचे झाड.

ओढ्याकाठी आणि बांधावर आपोआप उगवणारे हे झाड. पण ते शेतकऱ्याच्या रानात उभे असले तरी त्याच्या रसावर सरकारचा हक्क. झाडांचे लिलाव होत, मक्तेदार मक्ता घेई, गावात शिंदीचे दुकान लागे आणि आबकारीचा पैसा हैदराबादला जाई. निजामाच्या उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या बाबींत आबकारी होती. जंगल सत्याग्रहाच्या हाकेनंतर गावोगावचे लोक कुऱ्हाडी घेऊन निघाले आणि शिंदीची झाडे आडवी करू लागले. हजारो झाडे पडली. कुऱ्हाड घरचीच, वापरायची सवय लहानपणापासूनची. कुणाला प्रशिक्षण द्यावे लागले नाही, कुणाला रात्री लपावे लागले नाही. नवऱ्याचा पैसा त्या दुकानात जाताना पाहिलेल्या बाईलाही यातला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. आणि प्रत्येक झाडाबरोबर सरकारच्या तिजोरीत जाणारा रुपया कमी होत होता.

करोडगिरीच्या नाक्यांचेही तेच. जकात भरायची नाही, नाके चालू द्यायचे नाही. सरकारी लेव्हीचे धान्य द्यायचे नाही. गावोगावच्या पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे द्यायचे. पुढे वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. खेड्यात निजामाचे राज्य म्हणजे प्रत्यक्षात कोण होते? पटवाऱ्याचे दप्तर, पाटलाचा शब्द, नाक्यावरचा शिपाई आणि शिंदीचा मक्ता. निजाम स्वतः तर हैदराबादेत किंग कोठीत बसलेला. ही चार चाके थांबली की गावापुरते राज्य थांबले. फौजेला लढाई जिंकता येते, पण सोळा जिल्ह्यांतल्या हजारो गावांचा सारा स्वतः मोजून गोळा करता येत नाही. त्यासाठी गावातलाच माणूस लागतो आणि तो नाही म्हणाला की काम अडते.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या जगभरच्या ३२३ लढ्यांचा अभ्यास २०११ साली पुस्तकरूपाने मांडला. त्यांना असे आढळले, की नि:शस्त्र लढे सुमारे निम्म्या वेळा यशस्वी झाले आणि सशस्त्र लढे सुमारे एक चतुर्थांश वेळा. कारण म्हणून त्यांनी पुढे ठेवलेली मुख्य गोष्ट सहभागाची आहे. हत्याराच्या लढ्याला थोडी, तरुण आणि घरदार सोडू शकणारी माणसे लागतात. नकाराच्या लढ्यात म्हातारा येऊ शकतो, शाळकरी पोरगा येऊ शकतो, पोराला कडेवर घेऊन आई येऊ शकते, आणि संध्याकाळी घरी जाऊन शेळीही पिळता येते. मराठवाड्यातल्या गावांनी हे कुणी पुस्तक लिहिण्याच्या साठ-पासष्ट वर्षे आधीच करून दाखवले होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : हत्यारे नव्हती ही अडचण होती, गांधीजी हा आधार होता, पण लोक आले ते त्यांना येता येईल असा तोच एक रस्ता होता म्हणून.

प्रश्न : औरंगाबादच्या कॉलेजात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून मुलांना काढून टाकले, असे ऐकले आहे. ते खरे का? मुलांचे पुढे काय झाले?
— एक निवृत्त शिक्षक, जालना

उत्तर : खरे आहे. नोव्हेंबर १९३८ ची गोष्ट, म्हणजे वर सांगितलेला सत्याग्रह चालू असतानाची. इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुले प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी म्हणणे सोडले नाही, संप केला, आणि ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात व राज्यातल्या इतर कॉलेजांत पोचले. शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली.

सतरा-अठरा वर्षांची ही मुले. बहुतेक जण खेड्यांतून आलेले, कित्येक घरांत कॉलेजपर्यंत पोचलेला पहिलाच मुलगा. माफी लिहून दिली तर परत घेऊ, अशी वाट मोकळी होती आणि घरून दबाव नव्हता असे कसे म्हणावे? त्या वयात, त्या परिस्थितीत माफीचा कागद न लिहिणे ही मला चौकात लाठी खाण्याइतकीच मोठी गोष्ट वाटते. लाठीचा वळ उतरतो. बुडालेले वर्ष आणि गेलेली नोकरी आयुष्यभर पुरते.

या मुलांना हात दिला नागपूर विद्यापीठाने. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश देऊ केला आणि मुलांचे जथे नागपूरला गेले. वरंगलहून काढलेल्या मुलांत एक होता पी. व्ही. नरसिंह राव, पुढे देशाचा पंतप्रधान. नागपूर-पुण्याच्या वास्तव्यात त्यांचे मराठी इतके मुरले, की ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे त्यांनी तेलुगूत भाषांतर केले. हद्दपारीसारख्या शिक्षेतून असेही काही निपजते.

यात एक व्यावहारिक धडा आहे. शांततेच्या लढ्यात पडणाऱ्याला मागे कुणीतरी झेलणारा लागतो. नागपूरने दारे बंद ठेवली असती तर पुढच्या तुकडीतल्या मुलांनी दहा वेळा विचार केला असता. मराठवाड्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मराठी बोलणारा ब्रिटिश मुलूख होता, मनमाडपर्यंत रेल्वे होती, पलीकडे छापखाने आणि वृत्तपत्रे होती. हा आडोसा नसता तर मराठवाड्याची चळवळ इतकी टिकली असती असे मला वाटत नाही.

प्रश्न : शेवटी मुक्ती मिळाली ती लष्करामुळे. शिवाय सरहद्दीवर आपल्याच लोकांनी बंदुका घेतल्या होत्या. मग सत्याग्रहाचे कौतुक कशासाठी?
— एक वाचक, बीड

उत्तर : तुमच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या लपवून सत्याग्रहाचा गौरव करण्यात काहीच अर्थ नाही.

१९४७ च्या अखेरीपासून चित्र बदलले. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र दलाने गावे लुटायला, जाळायला सुरुवात केली. खटला नाही, तुरुंग नाही, सरळ घाला. सत्याग्रहात एक गृहीत असते : समोरच्याला निदान कायद्याचा देखावा तरी राखायचा आहे. ज्याला तो देखावाच नको झाला, त्याच्यापुढे चौकात जाऊन उभे राहणे म्हणजे बायकामुलांना त्याच्या तोंडी देणे. तेव्हा मनमाड, बार्शी, उमरखेड अशा सरहद्दीवरच्या केंद्रांतून सशस्त्र प्रतिकार उभा राहिला. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून त्या लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी हाती बंदूक घेतली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. खुद्द गांधीजींनी १९२० साली लिहून ठेवले होते, की भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच एक निवडायचे असेल तर हिंसा पत्करावी. तेलंगणात तर कम्युनिस्टांचा सशस्त्र शेतकरी लढा १९४६ पासूनच पेटला होता, आणि त्याचे नेते रावी नारायण रेड्डी हे १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेलेच गृहस्थ. तेव्हा एक पिढी अहिंसक आणि दुसरी सशस्त्र, असे काही झाले नाही. माणसे तीच होती. समोरचे सरकार जसे बदलले तसा त्यांचा मार्ग बदलला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. हे सैन्याचेच काम होते. पण हैदराबादने ऑगस्टमध्ये आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेले होते. एका स्वतंत्र देशावर आक्रमण होते आहे, हा त्याचा दावा. या दाव्याला खरे उत्तर दिल्लीच्या वकिलांनी नव्हे, तर दहा वर्षे तुरुंग भरणाऱ्या, राजीनामे देणाऱ्या, झाडे तोडणाऱ्या प्रजेने देऊन ठेवले होते. लोकांना काय हवे आहे हे आधीच उघड झाले होते. आणि त्यांत मुसलमानही होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचे नाव घेतलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने राज्यभरातल्या मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. तो अहवाल कितीतरी दशके दडलेला राहिला आणि लोकांसमोर आला २०१३ साली. त्या मृतांतले बहुतेक लोक रझाकार नव्हते. कुणी विणकर, कुणी मजूर, कुणी दुकानदार. लढा एकतंत्राशी आहे, शेजाऱ्याशी नाही, हे स्टेट काँग्रेसने ज्या हट्टाने धरून ठेवले होते, तो हट्ट सुटला की काय होते ते या आकड्यांत दिसते. सत्याग्रहाचे कौतुक कशासाठी, याचे माझे पहिले उत्तर हेच आहे.

दुसरे उत्तर नंतरच्या काळातले. मुक्तीनंतर गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी घरी बसले नाहीत. मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषासाठी, मनमाड-औरंगाबाद रेल्वेच्या रुंदीकरणासाठी त्यांनी पुन्हा सभा, मोर्चे, सत्याग्रह यांचाच मार्ग धरला, आता स्वतःच्या सरकारसमोर. ज्या प्रदेशात एकेकाळी सभेसाठी अर्ज करावा लागत होता, तिथे लोकांना मागणे मागायची आणि नकार द्यायची सवय लागली होती.

एक विनंती करून थांबतो. मराठवाड्यातल्या हजारो घरांत त्या काळचे कागद आहेत : समन्स, निकालाची प्रत, तुरुंगातून आलेले पत्र, पटवारकीचा राजीनामा. बरेचसे उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते ट्रंकेच्या तळाशी पडून वाळवीच्या तोंडी जातात. ते टाकू नका. उर्दू किंवा मोडी जाणणाऱ्या माणसाकडून आधी वाचून घ्या, मोबाइलवर स्वच्छ उजेडात छायाचित्र काढा, सोबत गाव, तालुका आणि कुणाचा कागद ते लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर मूळ प्रत शहरातल्या स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जपायला द्या. ज्यांनी हे पाहिले ती माणसे आता फारच थोडी उरली आहेत. घरात तसे कुणी असेल, तर याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि ऐकून घ्या.